अप्रीतीचा अर्थ : मुंबई उच्च न्यायालयाची वास्तू आणि मराठी संहिता

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी समाजाने चांगलीच किंमत मोजून मिळवलेली आहे. तिच्यात वकिलाचा उल्लेख नाही, न्यायाधीशाचा नाही, कायद्याचाही नाही. उल्लेख आहे तो पायरीचा. वसाहतकाळात उभ्या राहिलेल्या न्यायव्यवस्थेचा अनुभव सामान्य माणसाने एका वास्तुघटकाच्या रूपात साठवून ठेवला, ही गोष्ट लक्षणेच्या अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे. मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढणाऱ्यांत मात्र अलीकडे एका नव्या वर्गाची भर पडली आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्या समूहात ही वास्तू आहे. २०२१ पासून येथे मार्गदर्शकासह वारसा-फेरीही सुरू झाली. या फेरीतील माणसाचा कुठलाही दावा प्रलंबित नसतो. तो पायरी चढतो तो पाहण्यासाठी.

मराठी सौंदर्यविचारातील एका जुन्या वादाच्या परिभाषेत बोलायचे तर पक्षकार या वास्तूकडे लौकिक दृष्टीने पाहतो आणि पर्यटक अलौकिक दृष्टीने. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) या दोन ध्रुवांमधील आंदोलनाचा विचार कलाकृतीच्या संदर्भात केला, पण सरकारी इमारत वारसा ठरते तेव्हाही हेच आंदोलन घडते. फरक एवढाच, की येथे लंबक एका ध्रुवाला नेऊन बांधून ठेवला जातो. कमानी, मनोरे, घुमटाकार छत यांच्या आस्वादाला बाधा येऊ नये म्हणून वास्तूचे प्रयोजन हलक्या हाताने बाजूला काढले जाते. प्रयोजन काढून घेतलेल्या न्यायालयात पाहण्यासारखे खूप उरते. वाचण्यासारखे काय उरते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारायला हवा. कारण मराठी गद्याच्या अर्थनिर्णयनाचा अत्यंत गंभीर प्रसंग याच भिंतींच्या आत घडलेला आहे.

प्रथम वास्तूविषयी थोडेसे. उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ मधली. सध्याच्या इमारतीचे बांधकाम एप्रिल १८७१ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. जानेवारी १८७९ मध्ये येथे न्यायालयाची पहिली बैठक झाली. आराखडा कर्नल जे. ए. फुलर या लष्करी अभियंत्याचा. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट, मधला मनोरा १७८ फुटांहून थोडा उंच. मंजूर अंदाज होता १६,४७,१९६ रुपयांचा आणि प्रत्यक्ष खर्च झाला १६,४४,५२८ रुपये. आजच्या सार्वजनिक बांधकामांच्या संदर्भात ही बचत वाचून कोणालाही गहिवरून यावे. फोर्टचा तट १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला. मोकळ्या झालेल्या जागेत सचिवालय, विद्यापीठाचे सभागृह व ग्रंथालय, उच्च न्यायालय अशी रांग मैदानाकडे तोंड करून उभी राहिली. राज्यकारभार, ज्ञान आणि न्याय यांची ही मांडणी समुद्राकडून येणाऱ्याला दिसावी अशी होती. तेव्हा समुद्र आजच्याइतका दूर गेलेला नव्हता.

मात्र या वास्तूचे खरे व्याकरण तिच्या दर्शनी भागापेक्षा तिच्या जिन्यांत आहे. पश्चिमेकडील दोन अष्टकोनी मनोऱ्यांच्या माथ्यावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. त्याच मनोऱ्यांतून न्यायमूर्तींचे खासगी जिने वर जातात. सर्वसामान्यांचा मुख्य जिना पूर्वेला, पोरबंदरी दगडातील कमानदार मार्गिकेतून गाठायचा. न्याय देणारा आणि न्याय मागणारा वेगवेगळ्या बाजूंनी वर येतात व न्यायकक्षात समोरासमोर उभे ठाकतात. दोघे एकाच वास्तूत असतात, पण त्यांचा मार्ग एक नसतो. न्यायाधीशाला पक्षकारांपासून अलग ठेवण्याचा हेतू यामागे असणार, आणि तो रास्तच आहे. तरीही ज्या न्यायालयात एका भाषेत लिहिलेले शब्द दुसऱ्या भाषेतून तपासले जाणार होते, तेथील ही दुहेरी वाट अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही.

वारसा-फेरीत पाहुण्यांचे पाय सर्वाधिक रेंगाळतात ते दगडी कोरीवकामापाशी. एका स्तंभशीर्षावर न्यायाधीशाच्या भूमिकेतील माकड आहे. त्याच्या हातात तराजू आहे आणि एका डोळ्यावर पट्टी. दुसरीकडे वकिली गळपट्टी बांधलेला कोल्हा आहे. या शिल्पांविषयीची आख्यायिका अशी, की इमारतीच्या कामावरील एक पारशी उपकंत्राटदार न्यायालयात दावा हरला आणि त्याने दगडात सूड उगवला. आख्यायिका रंजक आहे, म्हणून टिकली आहे. पण तिच्या घडणीकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. गॉथिक वास्तुशैलीत विडंबनात्मक प्राणिशिल्पांचा संकेत फार जुना आहे. मध्ययुगीन चर्चच्या कोनाड्यांत धर्मगुरूच्या वेशातले प्राणी पूर्वीपासून बसलेले आहेत. म्हणजे न्यायाधीशाच्या आसनावरचे माकड हे त्या रूपबंधाचेच अपत्य मानता येते. लोकमानसाला मात्र संकेत पुरत नाही. त्याला कर्ता हवा असतो आणि कर्त्याला हेतू हवा असतो. म्हणून कंत्राटदार आला, त्याचा दावा आला, पराभव आला. संहितेत जे अस्वस्थ करणारे आहे ते कोणा एकाच्या मनातील आकसाने स्पष्ट केले, की संहिता निरुपद्रवी होते. ज्या दगडी व्यंगाचा कर्ता सापडला नाही त्याला या वास्तूने दीडशे वर्षे कमानीखाली सुखाने नांदू दिले. छापील शब्दाच्या बाबतीत असे घडले नाही. तेथे कर्ता सापडला नाही तरी संपादक सापडत असे.

१८९७ मध्ये बाळ गंगाधर टिळक प्रथम राजद्रोहाच्या आरोपाखाली या न्यायालयासमोर आले तेव्हा आरोपाचा आधार होता १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील मजकूर. त्यात शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तांत होता आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता होती. कवितेखाली कवीचे नाव नव्हते. भवानी तलवारीची खूण सांगणारी टोपणसही होती. लेखकाच्या मृत्यूची घोषणा पाश्चात्त्य समीक्षेने १९६० नंतर केली आणि तिचा प्रतिध्वनी मराठी समीक्षेत १९८० नंतर उमटला. फूको यांनी मात्र त्याच सुमारास एक महत्त्वाची जोड दिली : ग्रंथांना ‘लेखक’ प्राप्त झाला तो लेखक शिक्षेस पात्र झाला तेव्हा. हे विधान समजून घेण्यासाठी मराठी अभ्यासकाला पॅरिसला जाण्याचे खरे तर कारण नाही. टोपणनावाच्या कवितेसाठी संपादकाला, म्हणजे जो तिचा कवी आहे असे सिद्ध करण्याची गरजच नव्हती अशा व्यक्तीला, अठरा महिन्यांची सक्तमजुरी या न्यायालयाने दिली. कवितेतील ‘मी’ शिवाजी आहे. कवी अज्ञात आहे. उत्तरदायी टिळक आहेत. निवेदक, लेखक आणि विधीच्या दृष्टीने कर्ता यांची ही फारकत काव्यशास्त्राच्या कोणत्याही वर्गात उदाहरण म्हणून शिकवता येईल.

या खटल्यात न्या. आर्थर स्ट्रॅची यांनी ज्यूरीला केलेल्या विवेचनात एका शब्दाचा अर्थ लावला आणि तो पुढे वर्षानुवर्षे वादाचा विषय झाला. भारतीय दंड संहितेच्या १२४अ या कलमातील मुख्य शब्दाचे कायद्याच्या मराठीतील रूप ‘अप्रीती’ असे आहे. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा. स्ट्रॅची यांनी सांगितले, की या शब्दाचा अर्थ केवळ प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, तिरस्कार ही तिची तीव्र रूपे झाली; पण प्रीती नसणे एवढ्यानेही शब्दाचा अर्थ पुरा होतो. परकीय सत्तेवर प्रजेचे प्रेम असणे हीच स्वाभाविक स्थिती आहे आणि त्या प्रेमाची उणीव हे दंडनीय कृत्याचे फळ आहे, असे गृहीत धरल्याखेरीज हा अर्थ उभा राहत नाही.

येथे संस्कृत वैयाकरणांची आठवण होणे अपरिहार्य आहे. नञ्, म्हणजे नकारवाचक ‘अ’ किंवा ‘अन्’, याचे सहा अर्थ त्यांनी सांगितले : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अब्राह्मण’ म्हणजे ब्राह्मणासारखा पण ब्राह्मण नव्हे असा कोणी. ‘अपाप’ म्हणजे पापाचा अभाव. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून वेगळे काही. ‘अनुदरा’ म्हणजे सडपातळ पोटाची, पोटच नसलेली नव्हे. आणि ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा निव्वळ अभाव नसून धर्माच्या विरुद्ध उभे ठाकलेले काहीतरी. ‘अप्रीती’ या शब्दात यांपैकी कोणता नञ् मानायचा? अभाव मानला, तर दरबाराला न गेलेला, गव्हर्नरच्या आगमनाला टाळ्या न वाजवलेला, आपल्या शेतात निमूटपणे नांगर धरलेला प्रत्येक माणूस गुन्ह्याच्या सीमेवर येतो. विरोध मानला, तर सक्रिय वैरभाव सिद्ध करावा लागतो. अल्पता मानली, तर प्रीतीचे माप कोणत्या पायलीने घ्यायचे, हा प्रश्न उरतो. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले आणि तिघा भारतीयांनी निर्दोष. एका उपसर्गावर किती काही अवलंबून असते हे मराठी व्याकरणाच्या वर्गात पटवून देताना शिक्षकांना दमछाक होईपर्यंत बोलावे लागते. त्यांनी हे उदाहरण वापरून पाहावे. १८९८ मध्ये कलमाची फेररचना झाली. द्वेष आणि तुच्छता हे शब्द त्यात आले, १५३अ हे नवे कलम जोडले गेले. अप्रीती मात्र कायम राहिली.

दुसरा खटला १९०८ चा. तो या वास्तूच्या मध्यवर्ती न्यायकक्षात १३ ते २२ जुलै या काळात चालला आणि आजच्या पाहुण्याला त्याच कक्षाबाहेरचा संगमरवरी फलक दाखवला जातो. आरोपाच्या केंद्रस्थानी ‘केसरी’चे दोन अग्रलेख होते : १२ मे १९०८ चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून १९०८ चा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. मुजफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ते लिहिले गेले होते. न्यायासनावर दिनशा दावर होते. १८९७ मध्ये याच दावरांनी वकील या नात्याने टिळकांचा जामीन मिळवला होता. १९०८ मध्ये बॅरिस्टर जिना यांनी जामिनासाठी केलेला अर्ज त्यांनी फेटाळला. योगायोगांचा मोह चरित्रकारांना होतो, समीक्षेने तो आवरावा. पण पाहुण्यांना सांगण्यासाठी ही हकीकत मार्गदर्शकांच्या कामी येते हे मान्य केले पाहिजे.

साहित्याच्या दृष्टीने खरा प्रश्न खटला सुरू होण्याआधीच उपस्थित झाला होता. सरकारने विशेष ज्यूरीची मागणी केली. जोसेफ बॅप्टिस्टा यांनी तिला विरोध केला. लेख मराठीत आहेत, त्यांचा परिणाम मराठी वाचकांवर झाला असे म्हणणे आहे, तेव्हा ते लेख मराठी जाणणाऱ्यांनीच तोलावेत, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. अर्ज मान्य झाला, विशेष ज्यूरी आली. तीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. वाचकाच्या प्रतिसादातून अर्थ सिद्ध होतो असे मानणाऱ्या समीक्षकांनी ‘वाचक-समूह’ ही कल्पना पुढे दशकानुदशके परिष्कृत केली. बॅप्टिस्टांनी तिचा नेमका गाभा ऐन प्रसंगी मांडला होता : ज्या वाचक-समूहासाठी संहिता निर्माण झाली तो समूह न्यायकक्षात नव्हता. त्याच्या जागी बसवलेले नऊ जण सरकारी भाषांतर वाचत होते. अग्रलेखावर कारवाई झाली खरी, परंतु शिक्षेचा निर्णय ज्या संहितेच्या आधारे झाला ती इंग्रजी होती आणि टिळकांनी ती लिहिलेली नव्हती.

टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि ते एकवीस तासांहून अधिक काळ बोलले. या भाषणाचे वर्णन वक्तृत्वाचा पराक्रम असे केले जाते. ते वर्णन अपुरे आहे, थोडे दिशाभूल करणारेही आहे. त्या भाषणाचा फार मोठा भाग हा अर्थनिर्णयनाचा भाग आहे. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन टिळकांनी शब्दाशब्दावर वाद घातला. मराठी शब्दाच्या अर्थाची व्याप्ती आणि त्याच्या जागी ठेवलेल्या इंग्रजी शब्दाची धार यांतील अंतर ज्यूरीला दाखवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. राजकीय विचारासाठी मराठीत शब्द नव्याने घडत होते, संस्कृतातून आणि फार्सीतून येत होते, त्यांच्या कडा अजून पक्क्या झाल्या नव्हत्या. अशा घडत्या भाषेतील शब्दाला स्थिरावलेल्या इंग्रजी शब्दाचा साचा लावला, की अर्थ घट्ट होतो आणि घट्ट होताना बहुधा कठोर होतो.

उदाहरणादाखल मारण्याच्या क्रियेची मराठी नामे पाहावीत. खून, वध, हत्या, घात हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘वध’ या शब्दामागे कंसवध आणि कीचकवध उभे असतात. त्याला पुराणकथेची अनुमती असते. ‘हत्या’ म्हणताच गोहत्या, ब्रह्महत्या यांतील पातकाची छाया पडते. ‘घात’ शब्दात विश्वासघाताचा सूर मिसळतो. ‘खून’ हा फौजदारी शब्द. तो फार्सीतून रक्त घेऊन आला आणि कोतवाली चावडीत स्थिरावला. १८९७ मध्ये अफजलखानाच्या प्रसंगावर जो वाद झाला तो ‘वध’ या शब्दाच्या घरात झालेला वाद होता. इंग्रजीत गेल्यावर त्याचे घर बदलले आणि इतिहासाच्या नैतिक मूल्यमापनाला चालू काळातील चिथावणीचे रूप आले. भाषांतरकार अप्रामाणिक होता असे म्हणण्याची येथे गरज नाही. त्याच्यापुढील अडचण प्रत्येक भाषांतरकाराची अडचण होती. पण इतर भाषांतरकारांच्या निवडीमुळे कोणी काळ्या पाण्यावर जात नाही.

टिळकांच्या बचावाचा दुसरा पदर संदर्भाचा होता आणि तो समीक्षेने अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. आपले अग्रलेख हे सुटे उद्गार नाहीत, अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी त्या काळात चालवलेल्या वादाला दिलेली ती उत्तरे आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि त्यासाठी त्यांनी त्या पत्रांतील उतारे न्यायालयासमोर ठेवले. उत्तर वाचायचे तर प्रश्न वाचावा लागतो. आंतरसंहितात्मकता हा शब्द तेव्हा कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते, परंतु संहितेचा अर्थ तिच्या भोवतालच्या संहितांवाचून लागत नाही हे तत्त्व टिळकांना मीमांसेच्या अभ्यासातून परिचित होते. ज्यूरीने हे सारे ऐकले आणि सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे हद्दपारीची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा झाली.

त्याच जुलै महिन्यात ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही दावरांनीच एकोणीस महिन्यांची शिक्षा दिली होती. परांजप्यांच्या वक्रोक्तीचे गुणगान मराठी समीक्षेने पुष्कळ केले आहे. शब्दांचा वाच्यार्थ राजनिष्ठेचा आणि व्यंग्यार्थ त्याच्या बरोबर उलट, हे त्यांच्या शैलीचे मर्म. व्यंजना कायद्याच्या चिमटीत सापडू नये अशी तिची रचना असते. पण १९०८ पर्यंत सरकारपक्षाचे वाचक व्यंजना वाचायला शिकले होते. ध्वनी हा सहृदयालाच कळतो, असे आनंदवर्धनांपासून मानत आले आहेत. शासनाच्या भाषांतर-खात्याला सहृदयांच्या पंक्तीत बसवण्याची कल्पना कोणत्याही आलंकारिकाला सुचली नसती. तरी परांजप्यांचा ध्वनी सर्वांत काळजीपूर्वक ऐकणाऱ्यांत त्या खात्याची गणना करावीच लागेल.

आता पुन्हा त्या फलकाकडे. १९५६ मध्ये तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच्याच मुख्य न्यायमूर्तींनी त्या शिक्षेविषयी प्रायश्चित्ताचा सूर लावावा, ही घटना संस्थेच्या इतिहासात दुर्मीळ आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु फलकावर कोणते शब्द कोरले गेले? ज्यूरीचा निर्णय काहीही असो, आपण निर्दोष आहोत. माणसांच्या आणि राष्ट्रांच्या भवितव्याचे नियमन करणाऱ्या शक्ती अधिक श्रेष्ठ आहेत. आपल्या कार्याचा उत्कर्ष आपल्या मुक्ततेपेक्षा आपल्या यातनांनी व्हावा अशी कदाचित ईश्वरी इच्छा असेल, या आशयाचे, निकालानंतर टिळकांनी इंग्रजीत काढलेले उद्गार. हे शब्द भव्य आहेत. शोकात्म नाटकातील नायकाच्या अखेरच्या भाषणासारखे ते स्वयंपूर्ण आहेत, आणि नेमकी हीच त्यांची मर्यादा आहे. ते उच्चारले गेले तेव्हा निर्णय होऊन गेला होता. शब्दांनी काही बदलण्याची वेळ टळली होती. एकवीस तास ज्या माणसाने शब्दांचा अर्थ लावून दाखवला, त्याच्या वाट्याला दगडात आले ते अर्थाचा प्रश्न संपल्यावरचे शब्द. या फलकावरून फेरीतील पाहुणा धैर्य घेऊन जातो. खटला कशाविषयी होता, हे त्याला त्या फलकावरून कळण्याचा संभव नाही. ज्या दोन मराठी अग्रलेखांपायी हे सारे घडले त्यांतील एकही वाक्य त्या कोरीव मजकुरात नाही.

यात दोष फलकाचा आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. फलकाला चार ओळींची जागा असते. मराठी समीक्षेला तर जागेची अडचण नव्हती. या खटल्याचा अधिकृत शब्दशः वृत्तांत १९०८ मध्येच न. चिं. केळकरांनी इंग्रजीतून प्रसिद्ध केला. पुढे १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडणारे केळकर ते हेच. रसिक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, ही त्या उपपत्तीची मध्यवर्ती कल्पना. तिची चर्चा मराठीत भरपूर झाली, तिच्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लिहिले गेले. पण दुसऱ्याच्या भूमिकेत शिरण्याची तयारी नसलेल्या वाचकाच्या हाती संहिता गेली तर काय होते, याचा शेकडो पानांचा पुरावा केळकरांनीच संपादित केला होता. त्या दोन गोष्टी एकत्र आणून वाचण्याची बुद्धी साहित्यशास्त्राच्या चर्चेला फारशी झाली नाही. खटला इतिहासकारांकडे गेला, चरित्रकारांकडे गेला, कायदेपंडितांकडे गेला. निबंध आणि अग्रलेख यांना ‘ललितेतर’ म्हणून अंगणात बसवून ठेवण्याच्या आपल्या सवयीचा हा परिणाम आहे. ज्या गद्यासाठी माणसे तुरुंगात गेली त्या गद्याच्या वाक्यरचनेपेक्षा नवकथेतील प्रतिमांवर मराठीत कितीतरी अधिक शाई खर्च झाली आहे.

वास्तविक या वास्तूतच त्या वादाचा तिसरा अंकही घडला. १९१६ मध्ये टिळकांच्या बेळगाव आणि अहमदनगर येथील मराठी भाषणांबद्दल त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. ते प्रकरण उच्च न्यायालयात आले आणि न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. टिळकांची बाजू जिना यांनी मांडली. निकालात बॅचलर यांनी दोन गोष्टी केल्या. एक, स्ट्रॅचींचा ‘प्रीतीचा अभाव’ हा अर्थ त्यांनी स्वीकारला नाही. इंग्रजीतील त्या उपसर्गाने बनलेल्या इतर शब्दांचा रूढ वापर पाहता तो नुसता अभाव दाखवत नाही, त्यात विरुद्ध भावनेचे अस्तित्व अभिप्रेत असते, असे त्यांनी म्हटले. नञर्थाच्या परिभाषेत, अभावाकडून विरोधाकडे ते आले. दुसरे, भाषणे सलग आणि समग्र वाचावीत, सुट्या वाक्यांपेक्षा एकंदर परिणामाला महत्त्व द्यावे, कोणत्याही पक्षासाठी अर्थ ओढूनताणून काढू नये, असा वाचनाचा नियम त्यांनी घालून दिला. चांगल्या समीक्षकाला यापेक्षा वेगळा नियम सांगता येणार नाही. मात्र १९१६ च्या या निकालापाशी वारसा-फेरी थांबते असे ऐकिवात नाही. व्याकरणाच्या विजयाला दाखवण्याजोगे शिल्प नसते.

१२४अ या कलमाचा अंमल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित ठेवला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिताच निरस्त झाली. नव्या संहितेच्या १५२व्या कलमात शब्द बदलले आहेत. त्यांचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयांपुढे आहेच. वांद्रे येथे उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. स्थलांतर होईल तेव्हा फुलरच्या वास्तूतील प्रेक्षक वाढतील आणि पक्षकार कमी होतील. कामकाजाची भाषा राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार आजही इंग्रजी आहे. म्हणजे मराठी कागद वाचला जाण्यापूर्वी भाषांतरित होण्याची परिस्थिती मूलतः तीच आहे. फरक एवढाच, की आता दोन्ही बाजूंना मराठी जाणणारी माणसे बसलेली असतात.

१९०८ च्या शिक्षेनंतर टिळक मंडालेला गेले. तेथील तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात, गीतेचा अर्थ सांगण्यापूर्वी, ते ग्रंथाचा अर्थ लावायचा कसा याचे मीमांसकांचे नियम देतात : उपक्रम आणि उपसंहार पाहावेत, पुनःपुन्हा काय सांगितले आहे ते पाहावे, नवे काय आहे, फळ कोणते, स्तुतिपर भाग कोणता आणि उपपत्ती कोणती, ते तपासावे; मगच तात्पर्य ठरवावे. टीकाकारांनी सुटे श्लोक उचलून आपापल्या संप्रदायाचा अर्थ गीतेवर लादला, ही त्यांची तक्रार आहे. या पानांचा विचार आजवर प्रामुख्याने तत्त्वज्ञानाच्या अंगाने झाला. पण स्वतःच्या लेखांतील सुटी वाक्ये परक्या भाषेत उचलली गेल्याचे आठवडाभर ऐकून जो माणूस तुरुंगात आला, त्याने ही पाने लिहिली आहेत. ‘केसरी’चा मूळ अग्रलेख, सरकारी भाषांतर आणि टिळकांनी न्यायकक्षात सुचवलेले पाठ असे तीन स्तंभ समोरासमोर ठेवून, त्यांच्या शेजारी ‘गीतारहस्या’चे हे पहिले प्रकरण वाचले, तर त्या नियमांच्या यादीतील प्रत्येक पदाला एक विशिष्ट प्रसंग चिकटलेला दिसू लागतो. ग्रंथ शिसपेन्सिलीने लिहावा लागला, कारण शाई देण्याची परवानगी नव्हती. १९१४ मध्ये टिळकांची सुटका झाली तेव्हा त्या वह्या त्यांच्या हाती आल्या नाहीत. त्या काही काळ सरकारकडेच राहिल्या.